अंगावरची पिल्लं

पन्नाशी उलटली, कानशिलं पिकली, तरी गल्लीत त्याला सगळे 'धाकटा'च म्हणत. थोरला भाऊ होता तोवर ते ठीक होतं. पण थोरला गेल्यावरही कुणी त्याला बढती दिली नाही. शाळकरी पोरं तर त्याला 'धाकटेकाका' म्हणायची, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. धाकट्यालाही वाटलं नाही. लॉन्ड्रीच्या फळीवर गाठोडं टाकून कुणी "उद्या हवंय हं" म्हणालं की तो मान हलवायचा. त्याचा उद्या म्हणजे परवा, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं.

पुढे दुकान, मागे घर आणि दोहोंच्या मधे एक चिंचोळी खोली. या खोलीची एक भिंत सदा कोमट असायची, कारण तिच्या पलीकडे कपडे वाळवायचं यंत्र दिवसभर धडधडत असे. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, एकदा त्या भिंतीवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या टाक्या घेऊन आला. डिस्कस पाळायचे म्हणाला. डिस्कस हा मासा ताटलीसारखा गोल, चपटा आणि भलताच मानी. त्याला पाणी कोमट लागतं, नितळ लागतं, आणि आजूबाजूला कुणी आरडाओरडा केलेला खपत नाही. याच्यापेक्षा जावई परवडला, असं वहिनी म्हणायची.

त्या खोलीत गेलं की माणूस अर्धा जागा, अर्धा झोपेत असा व्हायचा. भिंतीतून यंत्राची धडधड यायची, पण मऊ होऊन यायची. हवेचे बुडबुडे एका लयीत वर जायचे. इस्त्रीची वाफ दाराच्या फटीतून शिरून काचांवर बसायची आणि त्या धूसर काचांमागे ते गोल मासे जगात कुठेच काही घाई नसल्यासारखे फिरत राहायचे. दुपारी दुकानाचं दार लोटून धाकटा तिथल्या स्टुलावर बसे. पाच मिनिटं म्हणून बसे, आणि डोळे उघडत तेव्हा कुणीतरी गिऱ्हाईक दार ठोठावत असे.

वहिनी मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नसे. माशांना ती 'माझ्या सवती' म्हणायची. "तुझे दादा सवतींकडे बसलेत, त्यांचा चहा तिकडेच नेऊन दे," असं म्हणत कप धाकट्याच्या हातात द्यायची आणि आपण उंबऱ्याच्या अलीकडेच थांबायची. ती थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती. एवढी वर्षं एका घरात काढून धाकट्याला ते उमगलं नव्हतं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, रोजचं माणूस आपण नीट बघतो कुठे!

दादाने वर्षानुवर्षं जोड्या जुळवून माशांची स्वतःची अशी एक जात तयार केली होती. फिकट, तापवलेल्या दुधावरच्या सायीच्या रंगाची, कल्ल्यांपाशी किंचित पिवळी. तिला तो सायच म्हणायचा. मूलबाळ काय, असं कुणी नवख्याने विचारलं की म्हणायचा, "दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी, असं लोक नातवंडांबद्दल म्हणतात. आमच्याकडे दूध नाही, एकदम साय." विचारणारा हसायचा. आत स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज यायचा.

मग दादा आजारी पडला. धाकटा इस्पितळात त्याच्या उशाशी बसून राहिला, आणि इकडे टाक्यांचं पाणी बिघडून एकामागून एक मासे गेले. दादाही गेला. घरी येऊन धाकट्याने दिवा लावला तेव्हा सायीची एकच जोडी उरली होती, तीही वयाने उतरलेली. बाजारात कुठेही मिळते तशी तपकिरी डिस्कसची एक जोडी तेवढी धडधाकट निघाली. तिचं कधी कुणी कौतुक केलं नव्हतं, म्हणूनच बहुधा ती टिकली. सायीची जोडी गेली की दादाची जात संपली, आणि ती संपली की दादा दुसऱ्यांदा गेला, असं धाकट्याच्या मनाने घेतलं. काही झालं तरी सायीची पिल्लं वाढायला हवी होती.

आणि खरी मेख त्या वाढण्यातच होती. डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की थेट आईबापांच्या अंगाला जाऊन चिकटतात. त्या दिवसांत आईबापांच्या कातडीवर एक दाटसर ओलावा सुटतो. तोच पिल्लांचा पहिला घास, तेच त्यांचं दूध. बाहेरचं काही गिळायला त्यांची तोंडंच पुरेशी नसतात. मासा आणि अंगावर पाजतो, हे दादाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दादा फिरकी घेतोय असंच धाकट्याला वाटलं होतं.

दादा गेल्यानंतर सायीने पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा धाकटा हरखून गेला. पिल्लं निघाली, पोहू लागली आणि घोळक्याने एका कोपऱ्यात जाऊन स्थिरावली. त्या कोपऱ्यात पाणी गाळायचा काळा स्पंज होता. पिल्लं त्याला बिलगून बसली. काय शहाणी लेकरं, आपली जागा धरून बसलीत, असं म्हणत धाकटा दुपारभर त्यांच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता पेंगला. त्या स्पंजाला चिकटल्या चिकटल्या सगळी उपाशी मेली. आईबाप वीतभर अंतरावर अंगावर दूध घेऊन ताटकळत होते.

टाक्या बनवून विकणारा काचवाला हा दादाचा जुना दोस्त. तो येऊन बघून गेला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"अरे, पिल्लं काळं दिसेल तिकडे धावतात. पिल्लं झाली की आईबाप काळवंडतात, तीच तर खूण. तुझ्या दादाने ह्यांचा रंग असा धुऊन काढलाय की ह्यांना काळवंडताच येत नाही. पोरांना आई दिसायची कशी?"

"मग दादा काय करायचा?"

"सख्ख्या भावाला सांगितलं नाही ते मला सांगतोय होय? तो आपल्या युक्त्या बरोबर घेऊन गेला."

मग धाकट्याने स्वतःची अक्कल चालवली. स्पंज काळा आहे ना, मग तो पांढरा करू. दुकानातलं सगळ्यात शुभ्र फडकं त्याने काढलं आणि पुढच्या पिल्लांच्या वेळी स्पंजाभोवती चापूनचोपून गुंडाळलं, कडासुद्धा सरळ दुमडल्या. लॉन्ड्रीतला पांढरा रंग कशाने येतो हे लॉन्ड्रीवाल्यानेच विसरावं, याला काय म्हणायचं? फडक्यात साबण होता, नीळ होती, खळ होती. पाण्यावर फेस आला, पिल्लं एका दुपारात संपली, आणि जोडी वर तोंड करून धापा टाकू लागली. पाणी बदलून बदलून धाकट्याने त्या दोघांना कसंबसं वाचवलं. त्या संध्याकाळी इस्त्री करता करता तो रडला, आणि एका मास्तरांच्या सदऱ्याची बाही करपली.

सायीची मादी तिसऱ्यांदा अंडी घालायला आली. अंडी विरळ होती. काचवाला ती बघून हळूच म्हणाला, "ही शेवटची समज. आता पोरं दत्तक दे."

दत्तक द्यायचं ते त्या तपकिरी जोडीला. त्यासाठी दोन्हीकडची पिल्लं एकाच वयाची लागतात, आणि तेवढी कृपा झाली होती. दोन्ही टाक्यांत जरा थंड पाणी एकाच सकाळी घातल्यामुळे दोन्ही जोड्यांना अंडी घालायची बुद्धी एकदमच झाली होती.

"पण एक लक्षात ठेव," काचवाला जाता जाता म्हणाला. "तपकिरीची स्वतःची पिल्लं आधी काढून टाक. माशांना मोजता येत नाही, त्यांना फरक कळायचा नाही. पण अंगावरचं दूध दोन घरांना पुरत नाही. दोन्ही ठेवलीस तर दोन्ही जातील. आणि तपकिरी पिल्लं काय रे, पैशाला पासरी. कोण विचारतंय त्यांना!"

सायीची पिल्लं पोहायला लागली त्या दुपारी धाकट्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. या वेळी टाकीत स्पंज ठेवला नव्हता, त्यामुळे पिल्लं काचेच्या कडेकडेने भरकटत होती, सावली दिसेल तिकडे जात होती आणि परत फिरत होती. आईबापांच्या जवळून जात, पण थांबत नव्हती. शेजारच्या टाकीत तपकिरी जोडी कोळशासारखी काळी झाली होती आणि तिची पिल्लं दोघांच्या अंगाला लोंबकळून निवांत चरत होती. मासे वळले की पिल्लांचा तो झुबकाही वळे. धाकटा स्टुलावर बसला, बारीक नळी पाण्यात घातली आणि दुसरं टोक बादलीत सोडलं. थोडी तपकिरी पिल्लं नळीतून सरसर बादलीत गेली. वेळ दवडून चालणार नव्हतं.

"हे काय करतोयस?"

वहिनी चहाचा कप घेऊन उंबऱ्यापाशी उभी होती.

"जागा करतोय. सायीची पिल्लं हिच्या अंगावर लावायचीत."

"आणि ही?"

"ही... साधी आहेत गं."

"साधी म्हणजे? कुठे जाणार ती?"

"मोरीत," धाकटा म्हणाला. म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

वहिनी उंबरा ओलांडून आत आली. तिने कप टाकीच्या झाकणावर ठेवला आणि बादलीत वाकून बघितलं.

"परत घाल."

"वहिनी, पुरणार नाही. दोन्ही मरतील. काचवाला म्हणाला..."

"काचवाल्याने पाजलंय का कधी कुणाला?"

धाकट्याला हसू आलं. वहिनी हसत नव्हती. मग त्याच्या ध्यानात आलं की ती आत उभी आहे, या खोलीत, माशांच्या समोर. त्याने नळी चिमटीत धरून बंद केली.

आपल्या जन्माच्या वेळी आई गेली आणि वहिनीने आपल्याला अंगावर पाजून वाढवलं, हे धाकट्याला कळत्या वयापासून माहीत होतं. वहिनीची स्वतःची मुलगी जन्मतःच गेली होती, म्हणून तिला दूध होतं, असं दादाने एकदाच सांगितलं होतं. पुन्हा हा विषय काढायचा नाही, हेही सांगितलं होतं. धाकट्याने काढला नव्हता.

"जन्मतः नाही गेली ती," वहिनी म्हणाली. काचेकडे बघत म्हणाली, जणू तिथे कुणी ऐकायला बसलंय. "तू आलास तेव्हा होती. हसायला लागली होती. डावीकडे ती, उजवीकडे तू. तू मेल्या अधाशी, पोट तट्ट होईपर्यंत सोडायचा नाहीस. ती थोडं प्यायची आणि झोपून जायची. किती शहाणी म्हणून मी कौतुक करायचे."

धाकट्याने नळी पाण्यातून वर काढली.

"मग तिला ताप आला. आणि गेली. वाळली होती रे. तापाने वाळली की आधीपासूनच वाळत होती, ते मला आजवर कळलेलं नाही. बायका बोलायच्या, दिराला पाजलं आणि पोटची घालवली. ह्यांनी सगळ्यांना दम भरला. घरात विषय नाही काढायचा, पोराच्या कानावर जायला नको. लोकांची तोंडं बंद झाली. माझ्या डोक्याचं काय? आणि वर हे मासे आणले. अंगावर पाजणारे मासे! मी आत कशी यायचे, तूच सांग."

भिंतीतून यंत्राची धडधड येत होती. धाकट्याला वाटलं, ती आपल्याच छातीतून येतेय. आपण प्यायलो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. दुसरी कुणी शेजारी होती आणि आपण प्यायलो. त्यात त्याचा दोष नव्हता हे त्याला कळत होतं, पण तेवढ्याने जिवाची लाही व्हायची थांबत नव्हती.

"वहिनी," शेवटी तो म्हणाला, "खरंच नाही पुरलं तर? दादाची शेवटची आहेत ही."

"शेवटची आहेत ते मलाही दिसतंय. पुरतं की नाही, ते मात्र मला ठाऊक नाही." तिने पदराने काचेवरची वाफ पुसली. "मला बघायचंय."

धाकट्याने डोळे मिटले. दादाला तो कधीही नाही म्हणाला नव्हता, आणि आता दादा विचारायलाही नव्हता. सायीची पिल्लं काचेच्या कडेने फिरून फिरून दमत चालली होती. त्यांना वाचवायचा काचवाल्याने सांगितलेला मार्ग सरळ होता. तो सोडला आणि ती गेली, तर दादाचं या जगात काही उरणार नव्हतं. पण शेजारी जी उभी होती ती एवढी वर्षं एकाच प्रश्नाला बिलगून बसली होती, उपाशी. त्याने बादली उचलली आणि तपकिरी पिल्लं अलगद त्यांच्या आईजवळ ओतली.

मग पिल्लांना आईबाप पटकन सापडावेत म्हणून त्याने टाकीतलं पाणी निम्म्यावर आणलं. सायीची पिल्लं नळीने एका तांब्यात घेतली आणि तांब्या पाण्यात तिरका केला. ती क्षणभर गोंधळली. मग त्यांना समोर ते काळं, मोठं, हळूहळू हलणारं अंग दिसलं, आणि सगळी एकदम तिकडे सुटली. तपकिरी पिल्लांच्या मधेमधे घुसून चिकटली. तपकिरी मादी दचकली. झटकन वळून तिने सायीचं एक पिल्लू तोंडात घेतलं. धाकट्याचा हात वहिनीच्या हातावर गेला. मादीने तोंड दोनदा हलवलं आणि पिल्लू थुंकलं, बरोबर आपल्याच कुशीवर.

"घेतलं," वहिनी पुटपुटली.

पुढचे दिवस मोठे विलक्षण गेले. दुपारी धाकटा दुकान लोटून घ्यायचा तोवर वहिनी स्टुलावर बसलेली असायची, म्हणून त्याने स्वतःसाठी धुण्याचा पाट आणला. त्या उबेत, त्या बुडबुड्यांच्या आवाजात दोघं तासन्‌तास बसत. नर कंटाळला की अंगाला एक झटका देऊन कोपऱ्यात सटके आणि सगळं लेंढार मादीच्या अंगावर जाई. "बघ, बाप पळाला," वहिनी म्हणायची. "माशांतसुद्धा तेच." थोड्या वेळाने मादीही तसाच झटका देऊन पोरं त्याच्या गळ्यात घाली, तेव्हा वहिनीला भारी आनंद व्हायचा.

कधी ती आपल्या मुलीबद्दल सांगे. थोडंथोडं, मधेच. तिच्या उजव्या कानामागे तीळ होता. तिला इस्त्रीची वाफ आवडायची, वाफेचा फुस्स आवाज झाला की हात नाचवायची. सांगून झालं की वहिनी पुन्हा माशांकडे वळायची. एकदा म्हणाली, "हिचं अंग सोललंय बघ."

"दुखत असेल का गं?"

"दुखतं," वहिनी म्हणाली.

एका दुपारी धाकट्याला पाटावरच डोळा लागला. स्वप्नात तो अगदी लहान होता आणि पाण्यात होता. पाणी कोमट होतं. समोर मोठं काळोखं ऊबदार काहीतरी होतं आणि तो त्याला लुचत होता. पलीकडून कुणीतरी धडपडत आलं. त्याने सरकून जागा दिली. जागा पुष्कळ होती. जाग आली तेव्हा त्याचे गाल ओले होते आणि वहिनी तशीच काचेला नाक लावून बसली होती.

काही पिल्लं मेली. रोज तळाशी एखाददुसरं दिसे. धाकटा ते काढायला लागला की वहिनी विचारी, "कुणाचं?" कधी सायीचं असे, कधी तपकिरी. तो खरं तेच सांगे. ऐकून ती चहा न पिता उठून जाई आणि मोरीशी उगाच धुतलेली भांडी धूत राही. त्या वेळी धाकट्याला वाटे, काचवाल्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. हा खेळ आपण लावलाच कशाला? उद्या दोन्ही गेली तर ही बाई जगायची कशी?

मग मरणं थांबलं. कधी थांबलं ते दोघांच्याही लगेच लक्षात आलं नाही. पिल्लांना गोलाई यायला लागली, ती अंग सोडून लांबवर फेरफटका मारून परत येऊ लागली. काही फिकट, काही तपकिरी, एकाच झुबक्यात. काचवाला एकदा डोकावला, बराच वेळ तोंड उघडं टाकून उभा राहिला, आणि "हे काही खरं नाही" असं म्हणून निघून गेला.

त्या दिवशी उन्हं तिरपी होऊन खिडकीतून टाकीवर आली होती. पिल्लं उन्हात आली की काचेसारखी आरपार दिसत. वहिनीने धाकट्याची बाही ओढली.

"त्यांची पोटं बघ."

धाकट्याने वाकून बघितलं. प्रत्येकाच्या अंगात एक इवलंसं भरलेलं पोट दिसत होतं. सायीच्या पिल्लांतही, तपकिरी पिल्लांतही.

"सगळ्यांची भरलीत," तो म्हणाला.

"एकूण एक?"

"एकूण एक, वहिनी."

ती कितीतरी वेळ एकेक पिल्लू शोधून बघत राहिली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. सायीची जात वाचली होती, पण धाकट्याला त्या घडीला दादाची आठवणही आली नाही. तो फक्त वहिनीकडे बघत होता.

"पुरतं म्हणजे," ती म्हणाली. "दोघांना पुरतं."

"पुरतं."

"मग तो तापच होता रे. नुसता ताप होता."

माशांवरून माणसांचं ठरवता येत नाही, हे धाकट्याला कळत होतं, आणि वहिनीलाही कळत असणारच. वहिनीने काचेला कपाळ टेकलं आणि ती रडू लागली, घरात नुकतंच मूल गेल्यावर बाई रडते तशी, मोठ्याने. धाकटा पाट सरकवून तिच्या शेजारी बसला आणि तिचं रडून होईपर्यंत तिथेच बसून राहिला.